खरपुडीची नावे आणि तिचा मुलूख

सह्याद्रीच्या पठारांवर आणि कोकणातील सड्यांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात गवतातून डोके वर काढणाऱ्या एका लहानशा वनस्पतीस खरपुडी म्हणतात. तिचे खोड वीतभर किंवा फार तर हातभर उंच असते. काही जातींत ते वेलाप्रमाणे झुडपांवर चढते. फूल लांबट, नळीसारखे, खाली फुगीर व वर पिंजऱ्यासारखे मिटलेले. श्रावण-भाद्रपदात ते फुलते, आश्विनात शेंगा धरतात आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत जमिनीवर तिची खूणही उरत नाही. वर्षातील सात-आठ महिने ती केवळ जमिनीखालच्या कंदाच्या रूपाने जिवंत असते. वनस्पतिशास्त्रात तिच्या प्रजातीस सेरोपेजिया हे नाव आहे. पूर्वी ही प्रजाती रुईच्या कुलात गणली जाई. ते कुल आता कण्हेरीच्या कुलात समाविष्ट झाले आहे. भारतात या प्रजातीच्या पन्नासाहून अधिक जाती असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक या देशाबाहेर कोठेही नाहीत. आणि त्यांतील फार मोठा वाटा पश्चिम घाटाचा, विशेषतः महाराष्ट्राच्या सह्याद्रीचा आहे.

या वनस्पतीचा इतिहास लिहावयाचा तर त्याची साधने दोन दप्तरांत विभागलेली आढळतात. एक दप्तर बोलीचे, दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञांचे. या दोहोंची गाठ क्वचितच पडलेली आहे. ती ज्या जमिनीवर वाढते त्या जमिनीची नोंद मात्र तिसऱ्याच, म्हणजे महसुलाच्या दप्तरात आहे, आणि तिथे वापरलेल्या एका शब्दाने या फुलाच्या भवितव्यावर बाकीच्या दोहोंपेक्षा अधिक परिणाम केला आहे.

बोलीतील नावांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. खरपुडी, खरचुडी, खर्चुडी, हमण, पाताळतुंबडी अशी नावे निरनिराळ्या भागांत ऐकू येतात. यांपैकी पाताळतुंबडी हे नाव स्वतःच आपली फोड करून देते. तुंबडी म्हणजे लहान भोपळा. जमिनीच्या पोटात दडलेला भोपळा तो पाताळातला. हे नाव देणाऱ्याने फुलाकडे पाहिलेले नाही, त्याने कंद उकरून हातात घेतला आहे. खरपुडी व खरचुडी या जोडीत आरंभीचा 'खर' आणि शेवटचा 'उडी' स्थिर असून मधले व्यंजन तेवढे पालटते. जो शब्द लिहिला गेला नाही, छापला गेला नाही, केवळ एका तोंडातून दुसऱ्या कानात जात राहिला, त्यात अशी चलबिचल आढळावी हे स्वाभाविकच होय. धान्यांच्या, औषधी मुळ्यांच्या किंवा देवाला वाहावयाच्या फुलांच्या नावांना बाजार, निघंटू व पूजाविधी स्थैर्य देतात. खरपुडीला यांपैकी कशाचाच आधार मिळाला नाही. ती बाजारात विकावयास फारशी आली नाही आणि देवाच्या माथ्यावरही चढली नाही. तिला गुराख्यांनी, मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांनी आणि डोंगरकपारीत राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकर आदी समाजांनी ओळखले ते मुख्यतः कंदासाठी. कंद कच्चा खाता येतो, भाजूनही खाता येतो. त्यामुळे शास्त्रज्ञ ज्यांना सात-आठ निरनिराळ्या जाती म्हणतील त्या सर्वांना मिळून बोलीत एकच नाव असते. हा निरीक्षणाचा दोष मानणे चुकीचे ठरेल; ते निराळ्या प्रयोजनाचे वर्गीकरण आहे. खाणाऱ्याला कंदाची चव व खोली महत्त्वाची, परागनलिकेची लांबी नव्हे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. पुणे जिल्ह्यात खेडजवळ आणि जालन्याजवळही खरपुडी नावाची गावे आहेत. गावांची नावे झाडांवरून पडतात हे खरे. तथापि केवळ नामसादृश्यावरून त्या गावांच्या माळावर कधी काळी हे फूल विपुल होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे नावालाच पुरावा समजणे होय.

दुसऱ्या दप्तराचा आरंभ केरळात होतो. कोचीचा डच अधिकारी हेन्रिक व्हान ऱ्हेडे याने तयार करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या कामात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी विद्वानांनी भाग घेतला होता. त्यांचे १६७५ सालचे, नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो तो बहुधा या एका पृष्ठामुळे. त्याच ग्रंथाच्या नवव्या खंडात खरपुडीच्या कुळातील एक वेल चित्रासह आली आहे. तिथे तिला 'वळ्ळि', म्हणजे वेल, हा शेवटचा घटक असलेले मल्याळी नाव आहे. १७५३ साली लिनिअसने आपल्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात ही वेल घेतली ती याच चित्रावरून, प्रत्यक्ष झाड न पाहता. मल्याळी नाव त्याने टाकून दिले. ग्रीकमधील मेण आणि झरा या अर्थांचे दोन शब्द जोडून त्याने सेरोपेजिया हे प्रजातीचे नाव बनविले आणि फुलांच्या गुच्छाचा आकार पाहून जातीला 'कँडेलाब्रम', म्हणजे अनेक शाखांची दीपमाळ, असे म्हटले.

अलीकडे मराठी लेखनात या फुलांना कंदीलपुष्प म्हणण्याची रूढी पडली आहे. हे नाव गुराख्यांचे नव्हे. फूल पाहावयास डोंगरावर जाणाऱ्या शिकलेल्या मंडळींचे आहे. परंतु त्याची कुळकथा मनोरंजक आहे. कंदील हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला. तो अरबी 'किंदील' असून अरबीत तो ग्रीक व अरमाईक भाषांतून, मूळ लॅटिन 'कँडेला' या शब्दापासून उतरला आहे. लिनिअसचे 'कँडेलाब्रम'ही त्याच 'कँडेला'चे अपत्य. म्हणजे स्वीडनमधील पंडिताने चित्र पाहून जे नाव दिले आणि दोनशेहून अधिक वर्षांनी मराठी माणसाने प्रत्यक्ष फूल पाहून जे नाव दिले ती दोन्ही, एकमेकांची वार्ता नसताना, एकाच शब्दाच्या दोन शाखांवर येऊन थांबली. पाताळतुंबडीला असा थोर वंशवृक्ष नाही, पण ती जमिनीच्या अधिक जवळची आहे.

लिनिअसनंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात सेरोपेजिया बल्बोसाचे वर्णन केले; ही जाती भारतात दूरवर पसरलेली असून खरपुडी हे नाव प्रामुख्याने तिलाच लागते. रॉक्सबर्गने ती खाण्यात येते हेही नमूद केले, आणि ते विशेष आहे, कारण पुढील पिढीच्या लेखनातून खाणारा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. १८३४ साली वाइट व आर्नट यांनी सेरोपेजिया हिर्सुटा वर्णिली. मुंबई इलाख्यात डॅल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली आला. यांतील अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने वैद्य. दापोडीच्या वनस्पती-उद्यानाचा तो अधीक्षक होता आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. सेरोपेजिया लॉई हे नाव जॉन सदरलँड लॉ या मुलकी अधिकाऱ्यावरून आले. हूकरने ते १८८३ साली प्रसिद्ध केले. थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात पुरा केला. तो पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य होता.

वैद्य, जिल्ह्याचे अधिकारी, प्राचार्य, पुढे ब्लाटर व सांतापाव यांच्यासारखे जेझुइट अध्यापक: संग्राहकांची ही यादी लक्षात ठेवावयास हवी, कारण खरपुडीचा जो प्रसार ग्रंथांत दिसतो तो बव्हंशी यांच्या पायांखालून गेलेला प्रदेश आहे. पाचगणी, महाबळेश्वर, खंडाळा, जुन्नर ही नावे पुनःपुन्हा येतात. सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि खंडाळा रेल्वेच्या वाटेवर आहे. दुर्मिळ म्हणून नोंदलेली वनस्पती खरोखर दुर्मिळ आहे की तिच्यापर्यंत वाट गेली नव्हती, हा प्रश्न प्रत्येक जुन्या नोंदीस विचारावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी स्वातंत्र्योत्तर काळात मिळाले. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पश्चिम शाखा १९५५ साली पुण्यात स्थापन झाली. जर्मन शास्त्रज्ञ हूबर याने १९५७ साली साऱ्या प्रजातीचा आढावा घेतला. त्यानंतरची पंचवीस वर्षे ही या अभ्यासाची सुगी म्हणावी लागेल. एम. वाय. अन्सारी व के. हेमाद्री यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या कडेपठारांवरून एकामागून एक नव्या जाती उजेडात आणल्या. एकट्या जुन्नर परिसराने रोले व महाबळेई अशा दोन जाती दिल्या. अन्सारींचा या प्रजातीवरील ग्रंथ १९८४ साली आला. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव व त्यांचे विद्यार्थी यांनी हेच काम चालविले. सिंधुदुर्गातील मोहनरामी व नाशिकजवळील अंजनेरिका या जाती २००६ साली प्रसिद्ध झाल्या, कोकणची कोंकणेन्सिस २०१२ साली.

या नावांची मांडणी पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. सांतापाव, मॅककॅन, महाबळे, जैन, हूबर ही शास्त्रज्ञांची नावे. पाचगणी, अंजनेरी, सह्याद्री, महाराष्ट्र ही स्थळांची. महाराष्ट्रातून वर्णिलेल्या जातींच्या नावांत खरपुडी, हमण किंवा पाताळतुंबडी यांचा अंश कोठेही नाही. ऱ्हेडेच्या चित्रावर निदान मल्याळी नाव होते. येथे वाटाड्या म्हणून पुढे चालणाऱ्या गुराख्याने कोणता शब्द उच्चारला, हे नमुन्याच्या चिठ्ठीवर आले तरी नावात उतरले नाही.

आता प्रत्यक्ष प्रसाराकडे वळावयास हरकत नाही. खरपुडीच्या जातींत ढोबळ मानाने दोन राहण्या आहेत. बल्बोसा, हिर्सुटा यांसारख्या वेली झुडपांच्या, कुंपणांच्या व रानकडेच्या आधाराने चढतात. त्यांचा मुलूख विस्तृत आहे. लॉई, पाचगणीची जाती, रोले, सह्याद्रिका, जैनी या मात्र ताठ उभ्या राहतात. पठारावरील गवत आखूड. तिथे चढावयास आधार नाही आणि चढण्याचे कारणही नाही, कारण सूर्यप्रकाश सर्वत्र सारखाच मिळतो. कोकण-गोव्यातील सड्यांवरची अटेन्युएटा तर गवताच्या पात्याइतकी अरुंद पाने घेऊन गवतातच मिसळून जाते. या उभ्या जातींचा मुलूख अत्यंत तोकडा असतो. एखादे पठार, एखादी गडांची रांग, एवढेच.

बाकीचे वर्तन सर्व जातींत बहुतेक सारखे आहे. फुलाची नळी हा एक सापळा असतो. पाच पाकळ्यांची टोके वर जुळून जाळीदार घुमट बनतो. फुलाच्या वासाने ओढल्या गेलेल्या चिलटाएवढ्या माशा फटींतून आत शिरतात आणि नळीच्या गुळगुळीत भिंतीवरून खाली फुग्यात घसरतात. नळीत खाली वळलेले केस असल्याने त्यांना परत चढता येत नाही. माशी फुग्यात घुटमळत असता परागांचे पुंजके तिच्या सोंडेस चिकटतात. काही काळाने केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि सुटलेली माशी पुन्हा दुसऱ्या फुलात फसावी यावरच बीजधारणा अवलंबून असते. पुढे शेंगांची जोडी धरते, ती उलते आणि रुईच्या म्हातारीप्रमाणेच रेशमी झुबके असलेले बी वाऱ्यावर जाते. पाने सुकतात. कंद तेवढा खाली राहतो, आणि माघ-फाल्गुनात माळावर वणवा फिरला तरी त्याची धग कंदापर्यंत सहसा पोहोचत नाही. वणवा, चराई, कडक ऊन, मुरमाड जमीन यांच्याशी या वनस्पतीने पुरते जमवून घेतले आहे. सावलीशी मात्र तिचे जमत नाही.

ही शेवटची गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक आहे. महाराष्ट्राचे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित आहे. ती खरी असती तर उघड्या माळाशिवाय न जगणाऱ्या, इतक्या निरनिराळ्या आणि एकेका पठारापुरत्या मर्यादित जाती येथे कशा निपजल्या हे सांगता येणार नाही. जाती घडावयास माणसाची कुऱ्हाड चालल्याचा काळ फार अपुरा आहे. भूशास्त्रीय पुराव्यावरून दक्षिण आशियात उष्ण प्रदेशीय गवतांचा विस्तार ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी झालेला दिसतो. वाङ्मयाची साक्षही याच बाजूची आहे. आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तेराव्या शतकापासूनच्या मराठी कथा, चरित्रे व गीते तपासून त्यांतील ४४ रानवनस्पतींची ओळख पटविली, आणि त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश विरळ झाडांच्या गवताळ मुलखातील निघाल्या. महानुभावांच्या लीळांतील रान म्हणजे घनदाट अरण्य, असे जे चित्र वाचकाच्या मनात सहज उभे राहते ते यामुळे बदलावे लागते. हिवरे, बाभूळगाव, बोरगाव, पळशी अशी देशावरील गावांची नावे ज्या झाडांवरून आली ती हिवर, बाभूळ, बोर व पळस ही झाडेही उघड्या रानाचीच होत. एका नावावरून अनुमान करणे धोक्याचे. शेकडो नावे एकाच दिशेने बोट दाखवू लागली की त्यांची दखल घ्यावी लागते.

तिसऱ्या दप्तरातील शब्द पडीक हा होय. पडणे या धातूपासून पडीत किंवा पडीक. त्याचा जोडीदार वाहणे यापासून वहीत. ही जोडी शेतकऱ्याची आहे. वहीत म्हणजे यंदा नांगराखाली असलेली, पडीत म्हणजे यंदा पडून राहिलेली जमीन. दोन्ही शब्द अवस्थेचे वाचक आहेत, स्वभावाचे नव्हेत. यंदाची पडीत पुढल्या साली वहीत होऊ शकते. कुरण, गायरान, माळ, सडा यांसाठी निराळे शब्द होतेच आणि त्यांना पडीत म्हणण्याचे कारण नव्हते. १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांची मोजणी सुरू झाली आणि क्षेत्राक्षेत्राची प्रत ठरवून आकार बसविण्यात आला. ज्या जमिनीतून आकार निघणार नाही तिला पडीक किंवा पोटखराबा म्हणू लागले. अवस्था सांगणारा शब्द असा जातिवाचक झाला. इंग्रजी कारभारात त्याला उजाड, निरुपयोगी या अर्थाचा जो प्रतिशब्द मिळाला त्याने राहिलेले काम केले. स्वातंत्र्यानंतरही हे वर्गीकरण सुटले नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी व उघड्या रानांचे मोठे क्षेत्र याच सदराखाली आले.

पडीक जमिनीचे काही तरी करावयाचे असते, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले आहे. सामाजिक वनीकरणाच्या काळात माळांवर निलगिरी, गिरिपुष्प व ऑस्ट्रेलियन बाभूळ लागली. डोंगरउतारांवर सलग समतल चर खणले गेले. साताऱ्याकडील चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या व त्यांचे रस्ते आले. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला. झाड लावणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, आणि पाण्यासाठी चर खणणाऱ्या गावकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु खरपुडीच्या बाजूने पाहता नांगर, खाण आणि लावलेले झाड यांत फारसा फरक उरत नाही. तिच्या माळावर सावली आली की तो माळ तिच्यापुरता संपला.

या ऱ्हासाचे खापर पुष्कळदा कंद खाणाऱ्यांवर फोडले जाते. कंद उपटला की झाड मरते हे खरे, आणि नायर व शास्त्री यांनी १९८७ ते १९९० या काळात प्रसिद्ध केलेल्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथात या प्रजातीच्या अनेक जाती आल्या आहेत हेही खरे. एकेका पठारापुरत्या उरलेल्या जातींच्या बाबतीत तर एक कंदही मोलाचा ठरतो. तथापि गुराखी पोरे कंद कित्येक पिढ्या उकरीत आली आणि फुले टिकून राहिली. माळच गेला तिथे उकरावयास पोर आले नाही आणि फूलही उरले नाही. या दोन वस्तुस्थितींत दोषाचे माप कोणाच्या पदरात घालावयाचे हे ठरविणे कठीण नाही. शिवाय जिथे कंद खाण्याची चाल मोडली तिथे नावही मोडते. खरपुडी म्हणजे काय हे सांगू शकणारा म्हातारा माणूस वाडीत सापडतो. त्याचा नातू कंदीलपुष्प हा शब्द शाळेत ऐकतो आणि ती दोन एकच हे त्याला ठाऊक नसते.

संवर्धनाचे प्रयत्न झाले आहेत. कोल्हापूरच्या विद्यापीठ-उद्यानात अनेक दुर्मिळ जाती वाढविल्या गेल्या असून त्यांतील काही पुन्हा रानात लावण्यात आल्या. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात आले. अंजनेरी डोंगर २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. ज्या फुलाला ११ वर्षांपूर्वी त्या डोंगराचे नाव मिळाले होते त्याचा या निर्णयात मोठा वाटा होता. राखीव क्षेत्राबाहेरच्या पठारांवरही खरपुडी आहे, आणि तिथे सात-बाराच्या उताऱ्यावर तिच्या जमिनीसमोर पोटखराबा हाच शब्द लिहिलेला असतो.